कोरं पातं

हेडक्लार्कांच्या घरात चाळीसेक चाकू होते आणि दुधाची पिशवी मात्र दातांनी उघडावी लागे.

"अहो, खिशात असेलच ना एखादा? द्या की जरा," बायको आजही म्हणाली.

"तो दुधासाठी नाही."

"मग कशासाठी आहे?"

हा प्रश्न त्यांच्या लग्नाइतकाच जुना होता. हेडक्लार्कांनी कात्री शोधायला घेतली. ती सापडेपर्यंत बायकोने दातांनी पिशवी फोडली, अर्धं दूध ओट्यावर सांडलं, आणि चाळीस चाकूंच्या मालकाकडे तिने असा एक कटाक्ष टाकला की त्याच्यापुढे कुठल्याही पात्याची धार बोथट वाटावी.

हेडक्लार्कांचे चाकू खिशातले होते. मुठीत घडी होऊन मिटणारे, जुन्या घडणीचे, कुणाची मूठ शिंगाची तर कुणाची हाडाची, कुणाला पितळेची टोपी. रोज त्यातला एक उजव्या खिशात बसून हवा खायला बाहेर पडे. खिशात चाकू नसला तर हेडक्लार्कांना चालताना तोल गेल्यासारखं वाटे. पण त्या चाकूंनी आजवर काहीही कापलं नव्हतं. कापलं की पात्यावर ओरखडा येतो, ओरखडा आला की चाकू वापरलेला होतो, आणि वापरलेल्या चाकूला खऱ्या शौकिनांत काडीची किंमत नसते. हे बायकोला समजावून सांगण्याचा नाद त्यांनी केव्हाच सोडला होता.

समजून घेणारा एकच माणूस होता, तो म्हणजे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, स्वभावाने कडक आणि चाकूंच्या बाबतीत त्याहून कडक. त्यांच्याकडे एक चाकू होता. हरणाच्या शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना नक्षी, आणि मिटताना 'टक्' असा आवाज, की ऐकणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. हेडक्लार्कांनी त्या चाकूसाठी वर्षानुवर्षं मास्तरांच्या घरच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. मास्तर बधत नव्हते. शेवटी गेल्या रविवारी ते म्हणाले होते, "तुझ्याकडचा तो काळ्या लाकडाच्या मुठीचा, लोहाराचा शिक्का असलेला, तो घेऊन ये. अदलाबदल करू. पण पातं कोरं हवं. कागदसुद्धा कापलेला चालणार नाही."

अदलाबदल आज संध्याकाळी होती. काळ्या मुठीचा चाकू मऊ फडक्यात गुंडाळून उजव्या खिशात बसला होता, आणि हेडक्लार्कांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

ऑफिसही थाऱ्यावर नव्हतं. ते वजनमापं तपासणारं ऑफिस होतं आणि उद्या त्याचीच तपासणी व्हायची होती. कॉरिडॉरमध्ये रंगारी शिडीवर चढला होता, कॅशियर बाई टेबलांवर नवं रेक्झिन घालत होत्या, शिपाईमामा पितळी वजनं चिंचेने चमक येईस्तोवर घासत होते. हेडक्लार्क खुर्चीत बसत, उठत, खिसा चाचपत आणि पुन्हा बसत. शेवटी न राहवून त्यांनी ड्रॉवर अर्धा उघडला, त्याच्या आडोशाला फडकं सोडलं आणि चाकू उघडला. पात्यात त्यांना स्वतःचा डोळा दिसला. शेवटचं बघून घेऊ, म्हणून त्यांनी तो जरा उजेडात धरला.

"अरे वा, चाकू!" मागून साहेबांचा आवाज आला. "देवासारखे भेटलात. त्या नव्या घड्याळाच्या खोक्याला काय पट्ट्या मारल्यात हो, दातांनीसुद्धा तुटेनात."

"साहेब, हा... हा कापत नाही."

"चाकू आहे ना? मग कापेल की," असं म्हणून साहेबांनी तो उचलला. "आत्ता देतो."

साहेबांना नाही म्हणण्याची सवय हेडक्लार्कांना नव्हती. ती सवय असती तर ते आतापर्यंत साहेब झाले असते. केबिनचं दार बंद झालं, आतून 'खट्, खट्' असा पट्ट्या तुटल्याचा आवाज आला. हेडक्लार्कांनी मनाची समजूत घातली. प्लास्टिकची पट्टी काही दगड नाही, फडक्याने पुसलं की मास्तरांना कळायचंही नाही. अर्धा तास कसाबसा काढून ते केबिनमध्ये गेले. घड्याळ टेबलावर होतं. चाकू नव्हता.

"तो होय? रंगाऱ्याने नेला," साहेब म्हणाले. "त्याचा डबा उघडत नव्हता. बाकी चाकू झकास आहे हं तुमचा."

हेडक्लार्क कॉरिडॉरमध्ये धावले. धावले म्हणजे त्यांच्या हुद्द्याला शोभेल इतकंच. रंगारी शिडीवर होता आणि डबा सताड उघडा होता. झाकणाची कड एका ठिकाणी वर उचकटलेली पाहून त्यांना स्वतःचीच बरगडी कुणी उचकटल्यासारखं झालं.

"चाकू कुठे आहे?"

"काय पातं आहे साहेब!" रंगारी वरून म्हणाला. "झाकण असं उडालं. मग काचेवरचे रंगाचे थेंब पण खरवडून काढले. आणि ती नावाची पाटी हलत होती ना, तिचे स्क्रू पण पिळले."

"स्क्रू? पात्याने?"

"टोकाने हो. मधल्या भागाने कसे पिळणार?"

हेडक्लार्कांना शिडीचा आधार घ्यावा लागला. शिडी हलली, रंगारी ओरडला, पांढऱ्या रंगाचा एक टपोरा थेंब हेडक्लार्कांच्या खांद्यावर पडला. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

"आहे कुठे तो?"

"बाईंनी मागितला. रेक्झिन कापायला."

कॅशियर बाई एका हाताने रेक्झिन ताणून धरून दुसऱ्या हाताने टेबलाच्या कडेने चाकू ओढत होत्या. रेक्झिनखाली लाकूड होतं आणि लाकडात जागोजागी खिळे होते. हेडक्लार्कांना प्रत्येक खिळा ऐकू आला.

"बाई, चाकू द्या."

"दोनच टेबलं राहिलीत हो. एवढी काय घाई आहे?"

खरं सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण न कापण्यासाठी चाकू बाळगतो, हे भर ऑफिसात, हातात चाकू घेतलेल्या बाईला सांगायचं कसं? उद्यापासून शिपाईसुद्धा हसला असता. तेव्हा हेडक्लार्कांनी आयुष्यात फारसा न केलेला उद्योग केला. ते खोटं बोलले.

"तो औषधाचा आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या गोळ्या असतात. त्या अर्ध्या करून घ्यायच्या असतात. डॉक्टरांनी सांगितलंय, स्वच्छ चाकूनेच करायच्या."

बाईंचा हात थांबला. त्यांचा चेहरा एकदम इतका हळवा झाला की हेडक्लार्क घाबरले.

"अगं बाई! आणि आम्ही त्याने रंगाचे डबे उघडतोय! तुम्ही बोलायचं नाही का? कधीपासून आहे हे? घरी माहीत आहे ना?"

"द्या तो, मी बघतो."

"असा कसा देऊ? विष आहे रंगात. मामा! अहो मामा! हा हेडक्लार्कसाहेबांचा औषधाचा चाकू आहे. उकळत्या पाण्यात घालून आणा बरं. चांगला दहा मिनिटं उकळा!"

"नको!" हेडक्लार्क एवढ्या मोठ्याने ओरडले की साहेब केबिनमधून बाहेर आले. लोहाराने कधीकाळी तेल पाजून काळीभोर केलेली ती लाकडी मूठ आणि उकळतं पाणी, ही जोडी त्यांच्या डोळ्यांसमोर नाचू लागली. ते मामांच्या मागे निघाले, तर साहेबांनी त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

"बसा. घाम फुटलाय तुम्हाला. कसल्या गोळ्या? बीपी?"

"नाही... हो."

"बघा, बोलताही येत नाहीये धड. बाई, पाणी द्या."

पाणी आलं, पंखा वाढवला गेला, कुणीतरी कॉलरचं बटण काढलं. बाईंनी त्यांच्या एका मावसभावाला असंच अचानक कसं झालं होतं ते सविस्तर सांगितलं. आत चहाच्या पातेल्यात पाणी खळखळू लागल्याचा आवाज आला आणि हेडक्लार्कांनी डोळे मिटले. साहेबांना त्यात आणखी एक लक्षण दिसलं.

"तुम्ही घरी जा," ते म्हणाले. "उद्याचं आम्ही बघतो."

मामा बऱ्याच वेळाने आले. इतका वेळ का लागला, ते त्यांनी आपणहून सांगितलं.

"उकळला, पुसला. मग बघतो तर धार गेलेली. म्हटलं, गोळीचा चुरा झाला तर औषध वाया जायचं. म्हणून मागच्या दगडी पायरीवर चांगला घासून आणला. घ्या. आता गोळी काय, गोळीचा बाप कापेल."

हेडक्लार्कांनी चाकू हातात घेतला. मूठ काळीची राखाडी झाली होती. पात्यावर पायरीचे आडवेतिडवे ओरखडे होते आणि शिक्क्याच्या खाचेत पांढरा रंग भरला होता. मामा कौतुकाची वाट बघत उभे होते.

"छान," हेडक्लार्क म्हणाले. त्यांचा आवाज इतका कापत होता की बाईंनी रिक्षा बोलवायला माणूस पाठवला.

रिक्षातून घरी जावं, मास्तरांना काही कळवूच नये, असं त्यांना एकदा वाटलं. पण मास्तर वाट बघत असणार, आणि शब्द मोडण्यापेक्षा चाकू मोडलेला परवडला. ते तसेच मास्तरांच्या घरी गेले, तीन जिने चढले आणि फडकं टेबलावर उलगडून मान खाली घालून उभे राहिले.

मास्तरांनी फडकं जवळ ओढलं. मग त्यांनी भिंग काढलं.

"याला कुणी मारलं?"

"ऑफिसने," हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. खोक्याच्या पट्ट्या, रंगाचा डबा, काच, स्क्रू, खिळे, पातेलं, पायरी. 

"आणि एवढं होऊन टवका नाही," मास्तर भिंगातून बघत पुटपुटले. "टोकसुद्धा शाबूत. मूठ ढिली नाही. स्क्रू पिळले म्हणतोस?"

"चार."

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. त्यांची नजर बाजूच्या मखमली डबीकडे गेली, तिथून समोरच्या संत्र्यांच्या ताटलीकडे गेली, आणि परत डबीकडे आली. ते खुर्चीत जरा सरकले.

"याचं हे असं, तर माझं काय असेल!" ते म्हणाले. "लोणी कापावं तसं कापत असणार. तीस वर्षं झाली, कधी पाहिलंच नाही."

"मास्तर, नको! कोरं आहे ते!"

पण मास्तरांचा जीवही आता जागेवर राहिला नव्हता. त्यांनी शिंगाच्या मुठीचा चाकू उघडला, एक संत्रं डाव्या हातात धरलं, दोघांनी श्वास रोखला आणि मास्तरांनी पातं टेकवून दाबलं. साल कापली गेली नाही. मास्तरांनी जोर केला. पातं संत्र्यात शिरण्याऐवजी संत्र्याच्या गोलाईप्रमाणे वळलं आणि तसंच राहिलं.

 मास्तरांनी अंगठ्याने दाबून पातं सरळ केलं. ते पुष्कळसं सरळ झालं.

"शोभेचा असावा," मास्तर शेवटी म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की हेडक्लार्कांना स्वतःचं दुःख विसरायला झालं.

"मूठ मात्र अप्रतिम आहे, मास्तर."

"तुझा दे जरा इकडे."

काळा, आता राखाडी, चाकू संत्र्याला टेकला आणि 'सर्र' करून सालीखाली गेला. मास्तरांनी मनगट फिरवलं. साल एका लांबलचक पट्टीत सुटून टेबलावर पडली. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दुसरं संत्रं घेतलं.

"वापरलेला आहे, म्हणजे आपला करार तसा मोडला," तिसऱ्या संत्र्याच्या वेळी ते म्हणाले. "पण मी मोठ्या मनाने घेतो. तू हा शिंगाचा ने. ठरल्याप्रमाणे."

कुठल्याही शहाण्या माणसाने इथे नाही म्हटलं असतं. पण मास्तरांनी बोलता बोलता तो चाकू मिटला आणि 'टक्' असा आवाज आला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला तो समोर होता. आणि पातं वळतं, तर वळू दे. आपल्याला कुठे काही कापायचं असतं? हेडक्लार्कांनी घाईघाईने हात पुढे केला, कारण मास्तरांचा विचार बदलेल अशी त्यांना भीती वाटत होती.

एक जिना ते अगदी तरंगत उतरले. खिशातल्या शिंगाच्या मुठीवरून बोट फिरवत दुसरा उतरू लागले, आणि मधल्याच पायरीवर थांबले. कानात तो 'सर्र' आवाज घुमत होता. चाळीस चाकूंचे मालक असून तो आवाज त्यांनी आज जन्मात पहिल्यांदा ऐकला होता. बिचाऱ्याने दिवसभर पट्ट्या तोडल्या, डबा फोडला, खिळे खाल्ले, उकळून निघाला, आणि एका शब्दाने... म्हणजे चाकू बोलत नाहीत, पण तरी. आणि आपण त्याला देऊन मोकळे झालो! हेडक्लार्कांना एकाएकी फार वाईट वाटलं. इतकं, की ते वळले आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर आले.

मास्तरांनी दार उघडलं. मागे जमिनीवर लाकडाच्या ढलप्या पडल्या होत्या. निवृत्त झाल्यापासून साठलेल्या सगळ्या पेन्सिली त्यांनी बाहेर काढल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद होता.

"काय राहिलं?"

"मास्तर, माझा चाकू..."

"तुझा कुठला?"

"तुमच्या हातातला."

मास्तरांनी चाकूकडे पाहिलं, मग नुकत्याच केलेल्या पेन्सिलीच्या टोकाकडे पाहिलं, आणि चाकूचा हात हळूच पाठीमागे नेला.

"असं कर," ते मायेने म्हणाले, "येत जा अधूनमधून. दाखवीन की तुला. फक्त लांबून बघायचं हं. हात लावायचा नाही."