फिजाचा खरा सीन

प्रसेनजित सरांनी छाती ठोकून सांगितलं होतं, की दहावीच्या पोरांचा हा शाळेवरचा विनोदी सिनेमा बुलढाण्याच्या स्पर्धेत पहिला येणार म्हणजे येणारच! का, तर यात सगळे आहेत. स्पर्धेच्या पत्रकातच लिहिलं होतं, समाजातला प्रत्येक घटक दिसला पाहिजे. मग सर मसाल्यासारखे घटक गोळा करायला लागले. शेतकऱ्याचा मुलगा म्हणून दीपकला धोतर नेसवलं. दीपकच्या घरी धोतर शेवटचं कोण नेसलं, हे त्याच्या आजोबांनाही आठवत नव्हतं. आणि मुस्लिम मुलगी म्हणून फिजाच्या हातात वाटी दिली. वाक्य एकच: "आदाब, शीरखुर्मा घ्या."

आमच्या घरी आदाब कोणी म्हणत नाही, सलाम म्हणतात, हे फिजानं सांगून पाहिलं. सर म्हणाले, सिनेमात आदाबच असतं.

खरं तर फिजाइतकं हसवणारं धामणगाव बढ्याच्या त्या शाळेत दुसरं कोणी नव्हतं. हेडमास्तर उकंडराव सरांची नक्कल करावी तर तिनंच. पण करायची ती लपूनछपून, कारण घरून सक्त ताकीद होती. तिचे अब्बा, शकूर टेलर, याच शाळेत शिकलेले. नववीत याच उकंडराव सरांची नक्कल करताना सापडले, छडी खाऊन घरी आले, ते थेट शिलाई मशीनवरच बसले. शाळेतून एक जरी तक्रार आली, तर अकरावी सायन्सला बुलढाण्याला जायचं विसर, असं त्यांनी लेकीला बजावलं होतं. आणि फिजाला तर स्वप्नातही बुलढाण्याची एसटी दिसायची.

शूटिंगला आदाब काही केल्या जमेना. अकरा वेळा सीन घेतला, अकराही वेळा फिजा लाकडासारखी उभी. सर वैतागून चहाला गेले. पोरी मागेच लागल्या, तशी फिजानं वाटी बाजूला ठेवली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि उकंडराव सर सुरू केले, त्यांच्या होकाराच्या ठसकेबाज "हाव!"सकट. कॅमेरा दीपककडे होता. एका हातानं धोतर सावरायच्या नादात त्यानं तो बंदच केला नव्हता.

पुढे सिनेमा जोडायलाही दीपकच बसला. सरांनी फोनवर सांगितलं, तालमीचे तुकडे नको, फिजाचा खरा सीन तेवढा टाक.

बुलढाण्याच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत उकंडराव सर, त्यांच्या शेजारी दुकान बंद ठेवून आलेले शकूर. त्यांच्या मागं फिजा. दिवे मालवले आणि दीपक तिच्या कानाशी आला.

"त्या आदाबमंदी तू फिजा वाटतच नव्हती. तुया खरा सीन टाकला मी."

फिजा खुर्चीत खाली सरकली. पडद्यावर चष्मा नाकावर घसरला आणि सगळा हॉल हसून लोटपोट झाला. अब्बांची पाठ तेवढी हलत नव्हती. गेली एसटी, गेलं सायन्स, आता आयुष्यभर काजं-बटणं करायची, असं म्हणत ती खुर्चीत आणखी खाली सरकली.

दिवे लागले. उकंडराव सर सावकाश मागं वळले.

"काऊन वं पोरी, मी असा बोलतो?"

नाही म्हणायचं, असं फिजानं पक्कं ठरवलं होतं. पण भीतीनं तिचा स्वतःचा आवाज घशातच बसला, आणि जो मोकळा होता तोच बाहेर आला. थेट उकंडराव सरांचा.

"हाव!"

शकूरनं डोळे गच्च मिटले. सरांनी लेकीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"शकूर, तुया हाव कच्चा होता बे. पोरीनं बरोबर धरला. हिले बुलढाण्याले धाड लवकर. मह्या शाळेत दोन उकंडराव नाही चालत."

शकूरनं डोळे उघडले आणि पंचवीस वर्षांचं राहिलेलं हसू एकदम हसून घेतलं.

नंबर मात्र दुसरा आला. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं होतं: विनोद झकास, शेतकऱ्याचं धोतर उत्तम; पण सिनेमात मुस्लिम मुलगी कुठंच दिसली नाही.