बुआलॉय आणि लमाईताईंचं स्वप्न

सुवितनं काचेच्या पेटीवर टाकलेली जुनी लुंगी उचलली, आत पाहिलं, पुन्हा टाकली आणि पुन्हा उचलली. दुसऱ्या खेपेलाही पेटीत साप नव्हता.

साप तसा त्याचा नव्हताच. चियांग माईला शिकायला गेलेल्या त्याच्या मुलीचा, तेंगचा होता. वसतिगृहात चालत नाही म्हणून चार महिन्यांपूर्वी ती त्याला राचाबुरीच्या घरी ठेवून गेली होती. दीड हात लांब, अंगठ्याएवढा जाड, तपकिरी अंगावर सोनेरी ठिपके. विष नाही, राग नाही, दिवसभर गोळा होऊन पडून राहायचं एवढंच काम. नारळाच्या दुधात पिठाचे गोळे सोडून जो गोड पदार्थ करतात, त्याचंच नाव तेंगनं त्याला दिलं होतं, बुआलॉय. जाताना तिनं वडिलांना पाच सूचना दिल्या होत्या. पहिली अशी, की झाकणाची कडी न विसरता लावायची.

सुवितचा कड्यांवर विश्वास नव्हता. त्यानं झाकणावर दगडी खल ठेवला होता. "कडी मोडते. दगड मोडतो का?" असं त्यानं मुलीला फोनवर ऐकवलंही होतं. पण आज सकाळी स्वयंपाकघरातला मातीचा खल फुटला, आणि कच्च्या पपईची कोशिंबीर कुटायला त्याची मोठी बहीण लमाई वर येऊन हा दगडी खल घेऊन गेली. ती कोशिंबीर सुवितनं दुपारी तोंडभर कौतुक करत दोनदा वाढून घेतली होती.

लमाईताईंना यातलं काही सांगायची सोय नव्हती. घर त्यांचं. बायको वारल्यापासून सुवित मुलीला घेऊन त्यांच्याकडेच राहत होता, आणि घराचा नियम एकच होता, ज्याला पाय नाहीत त्यानं उंबरठ्याच्या आत यायचं नाही. बाजारात वाम मासा दिसला तरी ताई रस्ता बदलायच्या. म्हणून पेटीत ऑर्किडची रोपं आहेत, ती उघडली की सुकतात, असं सुवितनं त्यांना सांगून ठेवलं होतं.

आता अडीच वाजले होते. तेंग साडेपाचच्या गाडीनं यायची होती. सुवितनं तिला फोन लावला.

"तेंग, समज, नुसतं समज हं, बुआलॉयला कधी लपावंसं वाटलं तर तो कुठे लपेल?"

"बाबा, काय झालंय?"

"काही नाही गं. एकदम व्यवस्थित आहे. माहिती असावी म्हणून विचारतोय."

"गरम, अंधारी आणि अडचणीची जागा बघतो तो. बाबा, खरंच ठीक आहे ना? तो गेला तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही."

"हो गं बाई हो," असं म्हणून सुवितनं फोन ठेवला. राचाबुरीत मे महिन्यात गरम नसलेली जागा दाखवा म्हटलं असतं तर ते अवघड गेलं असतं.

तरीही तो डगमगला नाही. बावीस वर्षं तो रांजणाच्या कारखान्यात तपासनीस होता. भट्टीतून निघालेला रांजण बोटानं ठोकायचा, आवाज ऐकायचा आणि आत तडा आहे की नाही ते सांगायचं, हे त्याचं काम. जगातली कुठलीही वस्तू ठोकली की पोटातलं बोलते, अशी त्याची ठाम समजूत होती. त्यानं कपाट ठोकलं, गादीची पेटी ठोकली, तांदळाचा डबा ठोकला, पंखासुद्धा ठोकला. प्रत्येक वेळी मान तिरकी करून ऐकलं आणि छातीठोकपणे म्हणाला, "रिकामं." तांदळाच्या डब्यात दहा किलो तांदूळ होते.

एवढ्यात खालून हाक आली. "सुवित! अरे सुवित, लवकर खाली ये!"

सुवित दोन-दोन पायऱ्या सोडत उतरला. शिवणाच्या मशीनशेजारी, जिथे लमाईताई रोज जेवणानंतर आडव्या व्हायच्या, त्या चटईवर त्या बसल्या होत्या. केस विस्कटलेले, गाल लाल, डोळे चमकत होते.

"मला स्वप्न पडलं," त्या हळूच म्हणाल्या. "सापाचं. असा पायाला विळखा घातला त्यानं."

सुवितनं झटकन त्यांच्या पायांकडे पाहिलं. साप विळखा घालतो असं स्वप्न पडलं की जोडीदार येतो, हे त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लमाईताईंच्या दोघी धाकट्या बहिणींना ते स्वप्न पडलं आणि त्यांची लग्नं झाली. शेजारच्या तिघींना पडलं, त्यांचीही झाली. ताईंनी त्या सगळ्यांचे कपडे शिवले. त्या स्वतः बावन्न वर्षांच्या झाल्या, पण आजवर एकाही सापानं त्यांना हिंग लावून विचारलं नव्हतं.

"कुठल्या पायाला?" सुवितनं घाईनं विचारलं.

"उजव्या."

"किती वेळापूर्वी? आणि मग कुठे गेला?"

"अरे, स्वप्नातला साप कुठे जाणार?"

"पण तोंड कुठल्या दिशेला होतं? नीट आठव ताई. फार महत्त्वाचं आहे."

लमाईताई त्याच्याकडे बघत राहिल्या. "इतकी काळजी आहे रे तुला माझी? मशीनकडे गेला बहुतेक. म्हणजे नवरा त्या दिशेनं येणार, असंच ना?"

सुवितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगितलं असतं तर साप पाच मिनिटांत सापडला असता, पण अठ्ठावीस वर्षं वाट पाहिलेलं स्वप्न हातचं गेलं असतं. तो कसाबसा म्हणाला, "असंच."

"मग मी अंघोळ करून येते. तू झाडून घे. आणि मशीनच्या खणांना हात लावू नकोस, दोरे गुंततात."

ताई न्हाणीत गेल्या आणि सुवितनं खोली पालथी घातली. शाळा उघडायच्या होत्या म्हणून शिवून ठेवलेले निळे स्कर्ट त्यानं एकेक करून झटकले. चटईखाली पाहिलं, मशीनच्या पायडलखाली पाहिलं. खण उघडायची मनाई होती, म्हणून तिन्ही खण ठोकले. सगळ्यात खालच्या खणाला तर त्यानं कान लावला. "रिकामा," तो खात्रीनं म्हणाला.

चारच्या ठोक्याला दारात सनान मिस्त्री उभा. शिवणाची मशीन दुरुस्त करणारा हा गडी गेली अकरा वर्षं दर शनिवारी लमाईताईंच्या मशीनला तेल घालायला यायचा. मशीन एकदाही बिघडली नव्हती. तेल घालायचा, बर्फ घातलेली कॉफी प्यायचा, "येतो लमाईबाई" म्हणायचा आणि जायचा. त्यापुढचं वाक्य अकरा वर्षांत त्याच्या तोंडून फुटलं नव्हतं.

आज ताई गुलाबी रेशमी पोलकं घालून बसल्या होत्या. गालाला पावडर होती.

"मिस्त्री," त्या खाली बघत म्हणाल्या, "आज दुपारी मला सापाचं स्वप्न पडलं."

मिस्त्रीचे कान लाल झाले. "अस्सं?" म्हणून तो घाईघाईनं मशीनकडे वळला आणि तेलाची बाटली काढायला त्यानं सगळ्यात खालचा खण ओढला.

खणात बाटलीला वेढा घालून बुआलॉय बसला होता. त्यानं मान वर करून मिस्त्रीकडे पाहिलं. कोपऱ्यातून सुवितनंही पाहिलं आणि त्याची बोबडी वळली.

मिस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला. तोंड उघडलं. आता हा बोंब मारणार, एवढं सुवितला कळलं. मिस्त्रीनं सापाकडे पाहिलं, मग गुलाबी पोलक्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"काय झालं मिस्त्री? तेल संपलं का?"

"नाही, नाही. तेल भरपूर आहे." आवाज पिपाणीसारखा आला होता. "खणाला जरा वाळवी लागलीय." त्यानं खांद्यावरचा चौकड्यांचा पंचा खणावर पसरला, अख्खा खण मशीनमधून उपसला आणि लांब धरून सुवितकडे नेला. "वर ठेवून या. सावकाश. आणि झाकण लावा."

सुवितनं वर जाऊन बुआलॉयला अलगद पेटीत सोडलं, कडी लावली आणि वर खलाच्या जागी स्वतःच बसला. खालचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"लमाईबाई, स्वप्नातला तो साप कुठे गेला?"

"मशीनकडे."

"मशीनकडे कोण येतं?"

"तुम्हीच. शनिवारच्या शनिवारी."

मग मिस्त्रीचा आवाज आला. "मग आता रोज यावं म्हणतो, लमाई."

'बाई' गळून पडली होती. पेटीवर बसल्या बसल्या सुवितचे डोळे भरून आले.

सहाच्या सुमारास स्टेशनवरून आलेली तेंग चप्पल न काढता वर धावली. बुआलॉय गोळा होऊन झोपला होता. "बाबा, चक्क कडी लावलीत?"

"माझा पहिल्यापासून कडीवर विश्वास आहे," सुवित म्हणाला.

रिकामा खण घेऊन तो खाली आला. मिस्त्री गेला होता आणि ताई चुलीपाशी भात परतत होत्या.

"ठेव तिथे," त्या म्हणाल्या. "ऑर्किड पेटीत गेलं का नीट?"

सुवितच्या हातातून खण निसटता निसटता राहिला. "ताई, तुला..."

"माझ्याच फ्रीजमध्ये बर्फाच्या मागे मेलेले उंदीर ठेवतोस. ऑर्किडला खत म्हणून? पहिल्या आठवड्यातच पेटी उघडून पाहिली मी. दोन दिवस घाबरले. मग त्याची सवय झाली. तुझ्यापेक्षा शांत आहे तो."

"मग ते स्वप्न?"

"कसलं स्वप्न? डोळासुद्धा लागला नव्हता. पायाला गार लागलं म्हणून बघते तर हा! अठ्ठावीस वर्षांनी आला तोही जागेपणी. म्हटलं, आलाय तर कामाला लावू." त्यांनी झाऱ्यानं भात उलटला. "सोडवला आणि ठेवला तेलाच्या खणात."

"हातानं? अगं, मिस्त्री ओरडला असता तर?"

"तेच बघायचं होतं मला. तू नाही का रांजण घरात घेण्याआधी ठोकून बघत?"

सुवितनं मान तिरकी केली. "बरं, मग आवाज कसा आला?"

लमाईताई भाताकडे बघत हसल्या. "खणखणीत."