शेवंती साळिंदरीण पानं सोडते

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांचं बरं चाललं होतं. म्हणूनच सगळे काळजीत होते.

त्या जंगलात शेवंती नावाची साळिंदरीण नुकतीच लग्न होऊन आली होती. नवरा भला होता. दिवसभर बीळ उकरायचा आणि संध्याकाळी विचारायचा, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "हो." दोघांचं छान जमलं होतं.

अडचण होती सासूबाईंची. त्या बोलायच्याच नाहीत. एकदा शेवंतीने सुरण शिजवला आणि चिंच घालायला विसरली. अख्ख्या बिळाचा घसा खाजला. सासूबाईंनी चकार शब्द काढला नाही. म्हणजे त्या मनात बोलल्या, असं शेवंतीच्या मनाने तिला सांगितलं.

शेवंतीचं मन फार हुशार होतं. त्याला दुसऱ्यांच्या मनातलंही ऐकू यायचं. "मंद म्हणाल्या तुला," ते सांगायचं. "आता पंचमीला माहेरी धाडतील आणि परत न्यायला कोणी येणार नाही." मग शेवंतीचे काटे उभे राहायचे. काटे उभे राहिले की शेजारी बसलेला उठून जायचा.

"बघ," मन म्हणायचं.

शेवटी ती बगळेगुरुजींकडे गेली. ओढ्याच्या वरच्या डोहात एका पायावर उभे राहून गुरुजी जंगलाचं मन शांत करायचे. दोन पायांवर उभं राहून सांगितलेलं जंगलात कोण ऐकतं?

"विचार म्हणजे मासा," गुरुजी म्हणाले. "येतो, जातो. आपण नुसतं बघावं." एवढं म्हणून त्यांनी एक गिळला.

"आणि गेलाच नाही तर?"

"पळसाच्या पानावर लिहायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. सुटला की तो तुझा नाही."

"मग कोणाचा?"

"नवीन आलीस ना," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाकीचे नखाने ओरखडे काढून लिहीत. शेवंतीजवळ घरचे काटे होते. ती टोचून टोचून लिहू लागली. 'मी मंद आहे.' 'मला साधा सुरण जमत नाही.' 'सासूबाई गप्प असतात, कारण मला परत पाठवायचं त्यांचं ठरलंय.' पान वळणाआड गेलं की तिला हलकं वाटायचं. आठवडाभर काटे निजून राहिले.

"बरी दिसतेस," नवरा म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

आता ओढा पुढे कुठे जातो, असं तुम्ही विचाराल. शेवंतीने विचारलं नव्हतं.

आठव्या दिवशी सासूबाईंनी टोपलीकडे नुसता पंजा दाखवला. दोघी कंद धुवायला खालच्या पाणवठ्यावर गेल्या. तिथे दगडांत पळसपानांचा हा थर अडकलेला. रखमा मुंगसीण आणि एक भेकरीण कंद बाजूला ठेवून वाचत बसल्या होत्या.

"हे वाघाचं," रखमा म्हणाली. "'काल डरकाळी मध्येच फाटली. सगळ्यांच्या लक्षात आलं असणार.'"

"कसलं लक्षात येतंय? आम्ही पळत होतो," भेकरीण म्हणाली.

"आणि हे. 'मला कोणी मोजतच नाही.' माकड असणार."

"नाही गं. अक्षर हत्तीचं आहे."

"असू दे. पण ही भोकं पाडून लिहिणारी कोण, म्हणते मी? रोज दहा-दहा येतात. वाचता वाचता डोळे गेले."

शेवंतीचा एकेक काटा उभा राहिला. रखमाने पानाकडे पाहिलं, मग काट्यांकडे पाहिलं आणि ती जरा लांब सरकून बसली.

सासूबाईंनी ते पान घेतलं, उजेडाला धरलं आणि सावकाश वाचलं. नेमकं परत पाठवण्याचं होतं. शेवंतीच्या मनाने गाठोडं बांधायला घेतलं.

"कोणी ठरवलं हे?" सासूबाईंनी दात न विलगताच विचारलं.

"तुम्ही," शेवंती म्हणाली. "बोलत नाही ना तुम्ही माझ्याशी."

"अगं बये, दाढ ठणकते माझी. तुझी वरात आली त्या दिवसापासून. तोंड उघडलं की मस्तकात कळ जाते."

"ह्यांना नाही सांगितलंत?"

"तो विचारतो, 'बरी आहेस ना?' मी म्हणते, 'हो.'"

शेवंती थोडा वेळ कंद धूत राहिली.

"आणि सुरण?"

"खाजरा होता. पण घसा खाजत होता तेवढा वेळ दाढेचा विसर पडला. पुन्हा कर म्हणणार होते. म्हणायला तोंड उघडावं लागतं."

घरी आल्यावर शेवंतीचं मन पुन्हा कामाला लागलं. "एका बिळात राहून सासूची दाढ कळली नाही तुला. कसली सून?" शेवंतीने सवयीने पान शोधलं. पळस लांब होता, ओढा त्याहून लांब. मग ती तशीच बोलून गेली, "मला कळायला हवं होतं, सासूबाई. मी मंदच आहे."

सासूबाईंनी नीट विचार केला.

"आहेस थोडी," त्या म्हणाल्या. "लवंग आण."

शेवंती लवंग आणायला गेली.

तात्पर्य: मनातले वाईट विचार वाहत्या पाण्यात सोडू नयेत. खाली कोणी ना कोणी कंद धूत असतंच. घरात कोणी गप्प असेल, तर आपलं काय चुकलं हे शोधण्याआधी त्याची दाढ बघून घ्यावी. दाढ धड असली, तर मात्र खुशाल काळजी करावी.