आल्गोटची चिकटलेली टोपी

सोमवारी चर्चच्या लाकडी छपराला डांबर फासून आल्गोट शिडीवरून उतरला, तेव्हा टोपी त्याच्या डोक्यावर होती. हे मुद्दाम सांगायचं कारण, ती पुढे निघेना. वर बादली कलंडली होती आणि डांबराने टोपी न् केस एकजीव केले होते.

नेमकी त्याच वेळी आमचे जमीनदार बॅरनसाहेब यांची बग्गी आली. बग्गी दिसली की कुळांनी टोपी काढायची, हा स्मोलांड प्रांतातल्या आमच्या खेड्याचा शिरस्ता. आल्गोटने टोपी ओढली. डोळ्यांत पाणी आलं, टोपी आली नाही. बग्गी निघून गेली.

संध्याकाळी शेजारच्या हेमिंगने त्याला मिठीच मारली. "मानलं गड्या! आपल्या बापजाद्यांना जमलं नाही ते केलंस!"

आल्गोट खरं सांगणार होता, पण हेमिंग चक्क रडत होता. रडणाऱ्या माणसाला डांबराचं काय सांगायचं?

मंगळवारी बॅरनसाहेबांचा कारभारी दारात. "रविवारी चर्चपुढे सगळ्यांदेखत टोपी काढायची. नाहीतर घर खाली कर."

"सांगून टाका की, चिकटलीय म्हणून!" बायको शेर्स्टी कडाडली.

"अगं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा लोक माझ्याकडे बघतायत."

"टोपीकडे बघतायत. घर गेलं तर पोरं काय टोपीत झोपवू?"

शनिवारी तिने मेंढ्यांची कात्री आणली. केसांसकट टोपी निघाली. खाली उकडलेल्या बटाट्यासारखं डोकं उरलं, आणि दुसरी टोपी घरात नव्हती.

रविवारी वाटेत हेमिंग थबकला. "टोपी कुठंय?"

"नाही घातली."

हेमिंगने क्षणभर विचार केला आणि आपली टोपी कुंपणावर टांगली. "घातलीच नाही तर काढायची कशी! काय डोकं आहे रे तुझं!"

चर्चपर्यंत ही युक्ती त्यांच्यापुढे धावली. अंगणात बत्तीस कुळं बोडक्याने, ताठ उभी.

"टोपी काढ," बॅरन गरजले.

"नाहीये साहेब."

"आणि तुम्ही?"

कुणी हललं नाही. उद्यापासून गवताची कापणी होती. बत्तीस जणांना हाकललं तर विळा कोण धरणार, हे बॅरनना न सांगता कळलं. ते तोंड फिरवून चर्चकडे वळले.

दारात पाद्री उभा होता आणि आत जायचं तर डोकं उघडं हवं. बत्तीस जणांसमोर बॅरननी आपली उंच टोपी काढली.

आल्गोटने मोठ्या मनाने मान डोलावली. "असू द्या साहेब, असू द्या."