नाटक! ऊठ!

आमच्या शेजारच्या शशीकाकांसमोर पडायची कोणाची टाप नाही. माणूस पडला रे पडला, की काका खुर्चीतून अर्धे उठतात, हात पुढे करतात आणि गरजतात, "नाटक! ऊठ!" आता हे सगळं टीव्हीवरच्या फुटबॉलपटूंसाठी असतं, पण सवय ती सवय. आमची रिया सायकलवरून आपटली तेव्हाही कुंपणापलीकडून हाच हुकूम आला. ती भोकाड पसरून म्हणाली, "काका, आय ॲम ब्लीडिंग!" मग पट्टी काकांनीच आणून लावली, पण लावता लावता "ॲक्टिंग बरी जमते हो तुला" म्हणालेच.

वर्ल्ड कपची मॅच असली की इथली, अमेरिकेतल्या ईडन प्रेरीतली आमची दोन घरं काकांच्या बेसमेंटमध्ये जमतात. कोण जिंकतं याच्याशी काकांना काडीचं देणंघेणं नाही. रिटायर होईपर्यंत ते क्वालिटी कंट्रोलमध्ये होते आणि ती खोड काही गेलेली नाही. खेळ राहिला बाजूला, ते खेळाडूंची वागणूक तपासत बसतात. कोणी जर्सी ओढली, की "संस्कार!" कोणी रेफ्रीच्या अंगावर धावून गेला, की "याच्या आईला फोन लावा!" पण सगळ्यात जास्त राग लोळणाऱ्यांवर.

माझा नवरा मंदार मुद्दाम काडी टाकतो. "काका, फाऊल मिळवणं हे स्किल आहे. ओरडलं नाही तर रेफ्री शिट्टी वाजवत नाही. आणि लागतं हो त्यांना."

"हॅट्! लागलेला माणूस लोळतो होय? खरं लागलं ना, की माणूस गप्प पडतो. जो ओरडतो तो ठणठणीत, लिहून घे."

"म्हणजे हाड मोडलं तरी गप्प बसायचं?"

"बसायचं!"

यावर नलूकाकू वरून ओरडतात, "अहो, इथून ओरडून त्यांना ऐकू जात नाही!" आणि वडे तळायला घेतात.

त्या शनिवारची मॅच फारच चिडकी चालली होती. हिरव्या जर्सीतला एक गडी धावता धावता कोसळला, चार कोलांट्या खाल्ल्या आणि गुडघा धरून किंचाळायला लागला. त्याला फ्री किक मिळाली आणि त्यावर गोलही झाला. मग रिप्ले दाखवला, तर त्याला कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं!

"स्मार्ट खेळला," मंदार म्हणाला. झालं!

"लबाडीला स्मार्ट म्हणतोस?" काकांचा पारा चढला. "उद्या पोरीला हेच शिकव हं!"

तेवढ्यात जिन्यात धाडकन आवाज झाला. स्टीलचं ताट खणखणत खाली आलं, मागोमाग वडे. काकांचे डोळे टीव्हीवरच होते. सवयीनं हात पुढे गेला आणि तोंडातून निघालंच, "नाटक! ऊठ!"

ताट गरगरत थांबलं. जिन्यातून काहीच आवाज येईना.

काकांचा हात तसाच राहिला. "नलू?" उत्तर नाही. खरं लागलेला माणूस गप्प पडतो, हे आम्ही दर मॅचला ऐकत आलो होतो, आणि सांगणाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. गुडघे दुखतात म्हणून एरवी जिना टाळणारा तो माणूस वडे तुडवत धावला. "नलू, बोल गं काहीतरी! शिव्या दे, पण बोल!"

आणि जिन्यातून आवाज फुटला, "आई आई गं! मेले! अहो, माझ्या पायावर पाय देताय!"

"ओरडली!" काका आमच्याकडे वळले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मंदार, ओरडली रे! ठणठणीत आहे!"

हुश्श! मी तिथेच वड्यांशेजारी बसकण मारली.

अर्जंट केअरमध्ये एक्स-रे काढला, तर नुसता घोटा मुरगळला होता. पडल्यावर काकूंचा दम अडकला होता, म्हणून आवाज फुटत नव्हता. काका मान खाली घालून त्यांची पर्स सांभाळत बसले होते.

"मला नाटक म्हणालात ना?" काकूंनी टोमणा मारला.

"सवयीनं गेलं गं तोंडातून."

काकू माझ्याकडे वळल्या. "तुला सांगते, आपल्या मंडळाच्या नाटकात मी एकदा काम केलं होतं. दुसऱ्या अंकात मी चक्कर येऊन पडते. तालमीला रोज हेच मला सोडायला यायचे, म्हणजे मी पडणार हे यांना पाठ! आणि प्रयोगाच्या दिवशी मी पडले, तर पहिल्या रांगेतून उठून पाण्याची बाटली घेऊन सरळ स्टेजवर! अख्खा हॉल हसतोय, आणि हे आपले माझ्या तोंडावर पाणी मारतायत."

"तू काहीच बोलत नव्हतीस," काका पुटपुटले.

पुढच्या शनिवारी परत बेसमेंट. काकू खुर्चीत, पाय उशीवर. एक खेळाडू पडला, लोळला, गळा काढून ओरडायला लागला. आम्ही सगळे काकांकडे बघायला लागलो. मंदार तर हसू दाबत वाटच बघत होता.

काका उठले, पण टीव्हीकडे गेले नाहीत. काकूंच्या पायाखालची उशी नीट करत म्हणाले, "ओरडू दे रे त्याला. ओरडतोय तोवर बरं."