हरणारा खेळतो कशाला?

प्रभुदेसाईंच्या घराची बेल वाजवली की दार अर्धंच उघडायचं. फटीत एक चष्मा आणि ओठांवर टेकवलेलं बोट दिसायचं, आणि मग कुजबूज ऐकू यायची, "थांबा. पट करतोय."

कोपरखैरण्याच्या त्या इमारतीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी त्यांच्याकडे हातोडी मागायला गेलो होतो. कोण काय पट करतंय ते मला कळेना. त्यांच्या खांद्यावरून आतला टीव्ही दिसत होता. पडद्यावर नजर पोचेल तिथपर्यंत हिरवळ, आणि मधोमध एक गृहस्थ जमिनीवरच्या चेंडूकडे वाकून असा बघत होता, जणू आधी चेंडूच काहीतरी बोलणार आहे. पडद्यावरची गर्दी, प्रभुदेसाई आणि मी, सगळे श्वास रोखून उभे. चेंडू घरंगळला, भोकाच्या अगदी काठावर गेला आणि थांबला.

"जाणारच नव्हता," प्रभुदेसाई हळूच म्हणाले. "मन नाही त्याचं खेळात. घरी भांडून आलाय. हातोडी ना? आणतो."

हातोडी आली आणि दार बंद झालं. घरात या, बसा, पाणी घ्या, काही नाही.

नंतर कळलं की हे गृहस्थ आमच्याच कारखान्यात, स्टोअर्समध्ये आहेत. ठाणे-बेलापूर रोडवर आमचा रसायनांचा कारखाना. मी अकाउंट्सला नवीन, ते तिथे केस पिकवून बसलेले. सकाळी कंपनीची बस सेक्टरच्या कोपऱ्यावर यायची आणि आम्ही दोघं शेजारीशेजारी बसायचो. बसमध्ये मात्र त्यांचा आवाज चांगला मोकळा असायचा.

गोल्फची काठी त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती. गोल्फचं मैदान प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. त्यांच्या ओळखीची सगळ्यात मोठी हिरवळ म्हणजे कारखान्याच्या गेटाजवळचा तुकडा, आणि तोही उन्हाळ्यात पिवळा पडायचा. पण परदेशातल्या मोठमोठ्या गोल्फपटूंपैकी कोण कशासाठी खेळतो, यावर त्यांची मतं अशी ठाम होती की त्या गोल्फपटूंनी येऊन ऐकावीत.

"मुद्दा फटक्याचा नाही, सावंत," ते म्हणायचे. "फटका सगळ्यांनाच येतो. मुद्दा कशाला खेळतो हा आहे."

खेळाडूंची खरी नावं ते घेत नसत. त्यांनी आपली नावं ठेवली होती. एक उंच ऑस्ट्रेलियन होता, त्याचं नाव 'मामलेदार', कारण तो मैदानातून जमिनीची पाहणी करत असल्यासारखा चालायचा. एक देखणा, गोरापान, जन्मजात हुशार खेळाडू होता, तो 'जावई'. "सगळं ताटात वाढून मिळालंय. हरला तरी हॉटेलात जाऊन पोटभर जेवेल. हा गुरुवारी पुढे असतो. रविवारी बघा, कुठे असतो ते."

गोल्फची मोठी स्पर्धा गुरुवार ते रविवार चालते. शुक्रवारी संध्याकाळी मागे राहिलेल्यांना घरी पाठवतात, त्याला कट म्हणतात. चेंडू भोकात घालवायला हळूच मारतात, त्या फटक्याला पट म्हणतात. ही सगळी माहिती मला बसमध्येच मिळाली. आणि खरंच, जावई रविवारी मागे पडायचा. सोमवारी बसमध्ये चढतानाच प्रभुदेसाई मला नुसती मान हलवून दाखवत, आणि मी समजायचो.

पण त्यांचा जीव ना मामलेदारावर, ना जावयावर. त्यांचा जीव 'बापटां'वर. आमच्या डिस्पॅचला बापट म्हणून एक होते, टक्कल पडलेले, किंचित बाक आलेले. अगदी तसाच दिसणारा एक अमेरिकन खेळाडू होता. तो कधी जिंकला नव्हता. कसाबसा कटमधून वाचायचा आणि उरलेले दोन दिवस शेवटून पहिला यायचा. सोमवारी मी विचारायचं, "काय म्हणतात आपले बापट?" आणि प्रभुदेसाईंनी सांगायचं, "वाळूच्या खड्ड्यात गेले होते दोनदा. पण निघाले बाहेर."

आमच्या कारखान्यातले बापट हे ऐकून वैतागायचे. "मी कशाला वाळूत जातोय? ह्या माणसाला सांगा कुणीतरी!"

त्या सुमारास कंपन्यांमध्ये मोटिव्हेशनच्या व्याख्यानांची लाट आली होती. आमच्याकडेही पुण्याहून एक टायवाले वक्ते आले. त्यांनी फळ्यावर शिडी काढली, शिडीच्या टोकावर सूर्य काढला आणि आम्ही कुठल्या पायरीवर आहोत ते विचारलं. लंचनंतरची वेळ. निम्मे लोक खालच्याच पायरीवर पेंगत होते. शेवटी "काही शंका?" असं त्यांनी विचारलं, आणि प्रभुदेसाई उभे राहिले.

"एक माणूस आहे. दोन दिवसांत खूप मागे पडलाय. जिंकणं शक्यच नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी तिसऱ्या दिवशी तो बुटांना पॉलिश करून येतो आणि प्रत्येक फटक्याआधी खाली बसून गवत बघतो. का?"

वक्ते खूश झाले. "कारण अशी माणसंच शेवटी जिंकतात!"

"नाही जिंकत. मी बघतो ना दर आठवड्याला."

"मग... तो पुढच्या स्पर्धेची तयारी करत असेल."

"पुढच्या स्पर्धेतही हरतो."

हॉलमध्ये हशा पिकला. पेंगणारे जागे झाले. प्रभुदेसाई मात्र हसत नव्हते. ते उत्तराची वाट बघत उभेच होते. चहाच्या वेळी त्यांनी त्या वक्त्यांना पुन्हा गाठलं आणि तेच विचारलं. वक्त्यांनी समोसा तसाच ठेवला आणि गाडी गाठली.

परतताना बसमध्ये त्यांनी तोच प्रश्न मला टाकला. मी म्हणालो, "सवय हो, काका. दुसरं काय?"

"सवय सुटते," ते म्हणाले. "माणूस आजारी पडला ना, की महिन्याभरात सगळ्या सवयी सुटतात. अगदी आवडीच्यासुद्धा." आणि मग नेरूळचं पाणी कोपरखैरण्याच्या पाण्यापेक्षा कसं बरं, यावर बोलायला लागले.

त्यांच्या घरी काकू आजारी असतात, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. काय आजार, ते नाही. माझी बायको एकदा साबुदाण्याची खिचडी घेऊन गेली. प्रभुदेसाईंनी ती दारातच घेतली, कुजबुजत आभार मानले आणि दार लोटलं. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत आला, आत चार चिकू. पण आत बोलावणं नाही ते नाहीच. सोसायटीत त्यांच्याविषयी दोन मतं होती. काहींना ते शिष्ट वाटायचे, काहींना थोडे सरकलेले. मला त्यांच्याविषयी नुसतं कुतूहल होतं. स्टोअर्समध्ये नटबोल्ट मोजणाऱ्या, बायको आजारी असलेल्या कोकणातल्या माणसाने क्रिकेट सोडून या साहेबी खेळात इतका जीव का टाकावा?

त्याचा उलगडा झाला तो शेजारच्या बोनकोडे गावातल्या हिरामण पाटलामुळे. आमच्या सेक्टरची केबल हिरामणची. त्याच्या वडिलांची भातशेती होती, ती नवी मुंबई वसवताना सरकारने घेतली. कुठल्या इमारतीखाली आपला कुठला बांध होता, हे तो अजूनही बोट करून दाखवायचा. गळ्यात साखळी, खांद्यावर वायरचं वेटोळं आणि आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाशी खालूनच बोलायचा.

एका रविवारी सकाळी तो आमच्या मजल्यावर आला. गोल्फ दाखवणारा खेळांचा चॅनल काढून त्या जागी सिनेमांचा टाकायचं त्याच्या मनात होतं. प्रभुदेसाई दार ओढून घेऊन बाहेर आले. आवाज ऐकून मीही बाहेर आलो.

"काका, आख्ख्या सेक्टरान यो गोल्फ बगनारा तुमी एकलंच हाय! लोकांना पिक्चर पायजे!"

"हळू बोल, हिरामण."

"हळू कनाला? मी काय चोरी केलीय?"

"अरे, हळू बोल बाबा. हवं तर जिन्यात जाऊन बोलू."

"जिन्यान कनाला? हितंच बोला ना!" हिरामणला वाटलं, त्याचा अपमान होतोय. त्याचा आवाज आणखी चढला. प्रभुदेसाई दोन्ही हात खालीवर करून त्याला शांत करत होते. एरवी गोल्फवर तासभर बोलणारा हा माणूस स्वतःची बाजू मांडायलाच तयार नव्हता. शेवटी ते म्हणाले, "बरं, काढ. काढ तुझा चॅनल. पण ओरडू नकोस."

तेवढ्यात आतून बारीक आवाज आला, "अहो, त्यांना आत बोलवा ना."

प्रभुदेसाईंनी हिरामणकडे बघून ओठांवर बोट टेकवलं. मग त्यांनी दार उघडलं.

खोलीत पडदे ओढलेले होते. टीव्हीचा आवाज जेमतेम ऐकू येईल इतका. समोरच्या दिवाणावर काकू उशांना टेकून बसल्या होत्या. डोक्याला सुती रुमाल बांधलेला, चेहरा सुकलेला, पण डोळे पडद्यावर. हिरामणने दारातच चपला काढल्या आणि वायरचं वेटोळं अलगद खाली ठेवलं.

"बसा," काकू म्हणाल्या. "जोरात बोललं की माझ्या डोक्यात घण पडतात हो, म्हणून हे असं करतात. राग मानू नका."

आणि मग थांबत थांबत त्यांनीच सांगितलं. डोक्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून आवाज सहन होत नव्हता, उजेड सहन होत नव्हता. नातेवाईक येऊन मोठमोठ्याने धीर द्यायचे, म्हणून येणंजाणं बंद केलं. टीव्ही लावावा तर मालिकांमध्ये रडारड, क्रिकेटमध्ये आरडाओरडा. त्या नुसत्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. जेवायचं नाही, बोलायचं नाही. एक दिवस प्रभुदेसाई चॅनल बदलत असताना ही हिरवळ दिसली. लोक गप्प उभे होते आणि सांगणारा माणूससुद्धा कुजबुजत होता.

"मी म्हटलं, हे राहू दे. यांनाही ठाऊक नव्हतं हा कुठला खेळ ते."

"मग शिकलो मी," प्रभुदेसाई ओशाळून म्हणाले. "ही विचारायची, हा काय करतोय, तो कुठे चाललाय. मला सांगता येईना. म्हटलं, हिने काहीतरी विचारलंय इतक्या दिवसांनी, तर उत्तर तरी द्यावं."

"आणि मग ते बापट," काकू म्हणाल्या. "मी एकदा विचारलं, हा हरणारच आहे तर खेळतो कशाला? हे म्हणाले, विचारून सांगतो. तेव्हापासून जो भेटेल त्याला विचारत असतात. ऑफिसात, बसमध्ये."

"मंग? गावलं काय उत्तर?" हिरामणने विचारलं. आता तोही कुजबुजत होता.

"अजून नाही," प्रभुदेसाई म्हणाले.

मी खाली बघितलं. बसमध्ये मी "सवय" म्हणून मोकळा झालो होतो.

पडद्यावर बापट आले होते. हिरामण फरशीवर मांडी घालून बसला आणि पहिल्यांदाच नीट गोल्फ बघू लागला. बापट चालत होते. चालतच होते. हिरवळ संपेना.

"ही सगली जागा याच खेलाची?"

"हो," काकू म्हणाल्या.

"आनि चेंडू टाकायचा कंच्या भोकान?"

प्रभुदेसाईंनी पडद्याजवळ जाऊन बोटाने ते भोक दाखवलं. हिरामण पुढे सरकला. त्याने भोक बघितलं, हिरवळ बघितली, पुन्हा भोक बघितलं.

"यवरी जमीन," तो अगदी कळवळून कुजबुजला, "न् भोक यवरासा? आमची शेतं घेतली तवा सायेब बोल्ला का जागा कमी परते!"

काकूंच्या तोंडून एक आवाज निघाला. मला आधी वाटलं, त्यांना कळ आली. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं, खांदे हलत होते. हिरामण घाबरून उठला. "काकू, मी हळूच बोल्लो ना?"

"नका, नका हसवू," काकू म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. "दुखतं हो." आणि पुन्हा हसल्या. "जागा कमी पडते म्हणे!"

"चॅनल कुटं जात नाय काकू," हिरामण म्हणाला. "तुमी बगा. पिक्चर दुसऱ्या जागंव टाकतो."

प्रभुदेसाई पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी आत गेलो. ते ओट्याशी पाठमोरे उभे होते. हातात रिकामा पेला होता आणि नळ वाहत होता.

"सावंत," मागे न वळता ते म्हणाले, "हसली ना ती? तुम्हीही ऐकलंत ना? की मलाच तसं वाटलं?"

"हसल्या, काका. दोनदा हसल्या."

त्यांनी मान हलवली. पेला तसाच हातात होता. मी तो घेतला, भरला आणि नळ बंद केला.