विमानातलं कुंकू

दौलतराव विमानात बसणार ही बातमी मेडशीत पोचली तेव्हा अर्ध्या गावाने ती खोटी ठरवली आणि उरलेल्या अर्ध्याने ऐकूनच घेतली नाही. पण बातमी खरी होती. हायब्रीड ज्वारीच्या पीकस्पर्धेत त्यांचा पहिला नंबर आला होता आणि बियाण्याच्या कंपनीने सत्कारासाठी त्यांना नागपूरहून मुंबईला विमानाने बोलावलं होतं.

"पुरावा काय?" पारावरच्या मंडळींनी विचारलं.

"फोटू आनतो," दौलतराव मिशीवरून बोट फिरवत म्हणाले. "मंग त झालं?"

मेडशीत फोटोला सातबाऱ्याइतका मान होता, त्यामुळे वाद तिथेच मिटला. शाळेतल्या गोविंदा मास्तरांनी आपला डबा कॅमेरा दिला, बटण दाखवलं आणि एकच गोष्ट बजावली.

"दौलतभाऊ, कोनाचाबी फोटू काढाच्या आंधी त्याले इच्यारत जा. अनोळखी मानूस असते."

"मले शिकवतो का मास्तर? मी का जंगलातून आलो?"

पुढची हकीकत दौलतरावांनी परतल्यावर पारावर जशी सांगितली तशीच ती इथे देणं भाग आहे, कारण मेडशीचं दुसरं कोणी विमानात नव्हतं.

"इमान उडालं तवा समद्यायनं डोये मिटले," दौलतराव म्हणाले. "म्या एकला खाली पाहून राह्यलो होतो. नागपूर म्हंजे काडेपेट्या मांडल्यावानी! मंग एक पोरगी आली, ताटात गोड गोया अन् कापूस घेऊन. कानात घाला म्हने. वऱ्हाडातल्या मानसाले कापूस देते! म्या म्हनलं, ठेव बाई, घरी लय हाय."

शेजारी खिडकीपाशी एक बाई बसल्या होत्या, त्यांचा उल्लेख मात्र पारावर आला नाही. कापलेले केस, डोळ्यांवर काळा चष्मा. विमान वर जाऊन स्थिरावलं तशी त्यांना गाढ झोप लागली आणि हळूहळू त्यांचं डोकं दौलतरावांच्या खांद्यावर येऊन टेकलं. झोपलेल्या माणसाला उठवणं पाप, ही मेडशीची शिकवण. झोपलेल्या माणसाचा फोटो काढावा की नाही, याबद्दल मेडशीने काही ठरवलेलं नव्हतं, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. खांदा न हलवता दौलतरावांनी पलीकडच्या सफारीवाल्या गृहस्थांच्या हातात कॅमेरा दिला, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "दाबा."

रोल बाराचा होता. सहा फोटोंत दौलतरावांचा अंगठा आला, पाचांत नुसता ढग आला. खणखणीत निघाला तो एकच, सफारीवाल्यांनी काढलेला.

वाशीमला बसस्टँडसमोर इंद्रभानचा फोटो स्टुडिओ होता. इंद्रभान साधा फोटो ब्रशने असा रंगवायचा की नवरीकडचे लोक फोटो पाहून हो म्हणायचे आणि नवरदेव पाहून विचारात पडायचे. दौलतरावांनी त्याला तो एक फोटो मोठा करून रंगवायला सांगितला. "इमानातला हाय, जपून काम कर," एवढं म्हणून ते गावी परतले.

आठवड्याने बाजाराच्या दिवशी शेजारच्या नानीबाई वाशीमला गेल्या. नानीबाईंच्या पोटात कोणतीच गोष्ट मेडशीच्या फाट्यापर्यंतसुद्धा टिकत नसे. संध्याकाळी एस.टी.तून उतरल्या त्या पिशवी घरी न ठेवता थेट विमलबाईंच्या चुलीपाशी आल्या.

"विमल, तुह्या मालकानं मुंबईत दुसरी केली वो! इंद्रभानच्या काचेत जोडीनं बसले हायेत. तिच्या कपायाले कुंकू, गयात मंगळसूत्र, डोक्यावर पदर. अन् डोकं यायच्या खांद्यावर!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने विमलबाई वाशीमला गेल्या, इंद्रभानच्या काचेसमोर उभ्या राहिल्या आणि दुपारच्या गाडीने परत आल्या. त्या दिवसापासून त्यांनी दौलतरावांशी बोलणं बंद केलं. जे बोलायचं ते त्या बैलाशी बोलत. "भाकर वाढली म्हना," त्या गोठ्याकडे पाहून म्हणायच्या, आणि बैल बिचारा मान हलवायचा.

नानीबाईंकडून कारण कळलं तसे दौलतराव तडक वाशीमला गेले. इंद्रभान त्यांना पाहून खूश झाला.

"कसा जमला दादा? लोक थांबून थांबून पाहून राह्यले!"

"अरे, ते कुंकू कोनी लावलं?"

"म्या लावलं! वैनीचं कपाय मोकळं होतं. दादा, माह्या स्टुडिओतून आजपावतर एकबी सवाशीन बिनाकुंकवाची भायेर गेली नाही. मंगळसूत्र बी माह्याच मनानं घातलं, डोरलं जरा मोठंच काढलं."

"ते वैनी नोहे रे! ते कोन हाय मलेबी ठाव नाही!"

इंद्रभानने दौलतरावांकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. पण दौलतराव हार मानणारे नव्हते. निगेटिव्ह होतीच. रंगवलेला फोटो त्यांनी काचेतून उतरवला आणि कुंकवाशिवायची साधी प्रत काढून घेतली. आता खरं काय ते दिसेल, या खात्रीने त्यांनी ती विमलबाईंपुढे धरली.

विमलबाईंनी ती नीट पाहिली. मग बैलाला म्हणाल्या, "म्हंजे कुंकूबी नाही लावत! तरी खांद्यावर डोकं!"

तिसऱ्या दिवशी रिठदहून विमलबाईंचे थोरले भाऊ रामधन आले. ओसरीवर बसून ते पाणी प्यायले, दोनदा खाकरले आणि म्हणाले, "जवाईबुवा, सरय सांगा. दुसरी केली असन त केली म्हना. बहिनीले आजच घेऊन जातो."

"नाही केली! अनोळखी बाई होती. झोपली होती."

"अनोळखी बाई झोपली होती, अन् तुमी फोटू काढला?"

हा प्रश्न दौलतरावांना पहिल्यांदाच ऐकू आला. फेट्याखाली त्यांचे कान गरम झाले. रामधनना उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात विमलबाई आतून आल्या आणि इतक्या दिवसांत प्रथमच बैलाला सोडून नवऱ्याशी बोलल्या.

"अठरा वर्सं झाली लग्नाले. माह्यासंग एक तरी फोटू काढला का जी?"

एवढं म्हणून त्या आत जाऊन गाठोडं बांधू लागल्या. दौलतरावांना भांडण सोसलं असतं, हे सोसेना. अठरा वर्षांत या बाईने पेरणी केली, निंदण केलं, ज्या ज्वारीचा पहिला नंबर आला तिचं एकेक कणीस खुडलं, आणि आकाशात मात्र ते एकटे गेले होते.

त्याच दुपारी पोस्टमन आला. मुंबईचं जाड पाकीट होतं. दौलतरावांनी ते गोठ्यात नेऊन फोडलं, आतली चिठ्ठी अक्षर लावत वाचली, फोटो पाहिला आणि पटकन फेट्यात खोचला.

फोटो त्यांचाच होता. विमान नागपूरहून उडतानाचा. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळलेले, डोळे घट्ट मिटलेले, तोंड उघडं आणि फेटा नाकावर आलेला. दोन्ही कानांतून कापसाचे बोळे बाहेर डोकावत होते.

बैलाच्या पाठीवर हात ठेवून दौलतरावांनी हिशेब मांडला. हा फोटो दाखवला तर बायको राहील, पण पारावरची सगळी मर्दुमकी जाईल. नाही दाखवला तर पार राहील. बैलाने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला आता घरातल्या भानगडीत पडायची सवय झाली होती.

"चाल," दौलतराव त्याला म्हणाले, "तूबी आता सुटशीन."

त्यांनी गोविंदा मास्तरांना बोलावलं, चिठ्ठी त्यांच्याकडे सोपवली आणि भरल्या ओसरीवर फोटो विमलबाईंच्या हातात दिला. मास्तर चिठ्ठी वाचू लागले.

"आदरणीय दौलतराव, नमस्कार. मी कंपनीच्या कॅलेंडरसाठी फोटो काढते. विमानात आपल्या शेजारी बसले होते. दुसऱ्या दिवशी सत्काराच्या वेळी आपलं नाव कळलं. विमान उडताना आपले डोळे मिटलेले होते, त्यामुळे न विचारता मी हा फोटो काढला, याबद्दल माफी असावी. आपण परवानगी दिलीत तर कॅलेंडरमध्ये छापू. नको असेल तर फाडून टाकावा आणि तसं कळवावं, मी निगेटिव्हही पाठवून देईन. पुढे मला झोप लागली आणि माझं डोकं आपल्या खांद्यावर पडलं. आपण उठवलं नाहीत, त्याबद्दल आभार. आपली, ललिता."

विमलबाई फोटो जवळ नेऊन पाहत होत्या. आधी त्यांचे खांदे हलले. मग त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"दादा, हे पाहा, हे माहे मालक!" त्या रामधनना म्हणाल्या. "गाडी उताराले लागली का असंच तोंड करतेत. ह्या तोंडानं कोन दुसरी करते?"

रामधननी फोटो पाहिला आणि गाठोडं आपल्या हाताने आत नेऊन ठेवलं. नानीबाई पाराच्या दिशेने निघाल्याच होत्या.

"छापू का म्हनते," मास्तरांनी आठवण केली. "काय लिहू?"

"नाही म्हन!" दौलतराव उसळले. "मानसाचे डोये मिटले हायेत अन् फोटू काढते म्हंजे काय?"

विमलबाईंनी ती कुंकवाशिवायची प्रत कोनाड्यातून काढून नवऱ्यासमोर ठेवली.

दौलतरावांनी ती उचलली, मागेपुढे पाहिली. "लिही मास्तर," ते अखेर म्हणाले. "छाप म्हना. अन् तिचा फोटूबी तिले पाठवून दे, निगेटिवसंगट. इच्यारल्याबिगर काढला होता, माफी कर म्हना."

पुढच्या बाजाराच्या दिवशी दोघं वाशीमला गेले. विमलबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या. इंद्रभान आता प्रत्येक गोष्ट विचारून करत होता.

"वैनी, कुंकू रंगवू का?"

"खरं लावून आली हाओ. रंगवतं कायले?"

"बरं. मंग डोकं जरासं दादाच्या खांद्यावर टेकता का? तसा फोटू लय चालला होता."

"कायले?" विमलबाई म्हणाल्या. "मी जागी हाओ."

इंद्रभान मुकाट्याने कॅमेऱ्यामागे गेला आणि काळ्या कापडात शिरला. दौलतरावांनी छाती पुढे काढली, मिशी सारखी केली. इंद्रभानने कापडाआडून "रेडी" म्हटलं आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले.

विमलबाईंनी समोर पाहतच, ओठ न हलवता, हळूच सांगितलं, "डोये उघडे ठेवजा जी. खुर्ची जमिनीवरच हाय."